कार्मेल मठातले त्रेसष्ट पाळणे

१

बुधवारी सकाळी आठला मी कार्मेल मठाच्या फाटकात स्कूटी लावली, तेव्हा मठाची झाडलोट करणाऱ्या तुळसाबाई थडग्यापाशी खराटा हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. ही बाई खराटा घेऊन स्वस्थ उभी आहे म्हणजे काहीतरी भलतंच झालंय, एवढं मला तीन महिन्यांत कळलं होतं.

"पाहा वं ताई," त्या म्हणाल्या. "नेलं सारं. फादरले उघडं पाडलं मेल्यानं."

थडगं खरंच उघडं पडलं होतं. फादर एलिशा चाळीस वर्षांपूर्वी वारले. कळमेश्वर रस्त्यावरच्या याच मठातून ते आयुष्यभर पायी निघायचे, खेड्याखेड्यांतल्या कुष्ठरोग्यांच्या जखमा धुऊन संध्याकाळी परत यायचे. त्यांना मठामागे कडुनिंबाखाली पुरलं, पण लोक काही त्यांना सोडायला तयार नव्हते. थडग्यावर चांदीची समई तेवायची. मागे त्यांचं चित्र होतं, डोक्याभोवती सोनेरी प्रभावळ रंगवलेलं. नवसाला पावले म्हणून बाया मुठीएवढा लाकडी पाळणा आणायच्या आणि लाल धाग्यानं निंबाच्या फांदीला बांधायच्या. शिवाय चांदीचे डोळे, नारळ, झेंडूच्या दोन मोठ्या कुंड्या. आज यातलं काहीसुद्धा नव्हतं.

"पाळणे किती होते?" मी विचारलं.

"तीन विसा अन् तीन."

तुळसाबाईंना अक्षर येत नाही, पण हिशेबाला त्या पक्क्या. त्रेसष्ट.

आता मी कोण, ते सांगते. मी प्रेमिला वासनिक, राहणार हुडकेश्वर. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. इतकं खोटं टिपून घेतलं आहे की कोणी खरं बोललं की मला दचकायला होतं. फादर एलिशांना संत म्हणावं की नाही याची चौकशी सुरू झाली, तेव्हा साक्षी लिहून घ्यायला मठाधिपती फादर सुमंतांना माणूस हवा होता. मी बौद्ध आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "आम्हाला भाविक पुष्कळ आहेत, ताई. बोललं तसं लिहिणारं कोणी नाही."

तर गुरुवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, चौकशीची शेवटची बैठक होती. बिशपांनी नेमलेले न्यायाधीश फादर लॉरेन्स, जे आजवर बैठकीच्या खोलीतून थडग्याकडे एकदाही गेले नव्हते, ते थडग्याची पाहणी करणार, मग सगळ्या साक्षी पेटीत घालून लाखेनं बंद करणार, आणि पेटी रोमला जाणार. पाहणीचं कारण असं, की रोमनं निकाल देण्याआधी मठानं त्या माणसाची पूजा मांडली, तर प्रकरण तिथंच अडतं. सोमवारी फादर लॉरेन्सनी तो नियम इंग्रजीतून वाचून दाखवला होता. भक्त समितीला समजावा म्हणून फादर सुमंतांनी माझ्याकडून त्याचा मराठी कागद करून घेतला होता.

समितीचे अध्यक्ष वामनराव डांगरे साडेआठला आले. नागपूरच्या महाल भागात त्यांचं संगमरवराचं दुकान आहे. लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा ती चांदीची समई त्यांनीच दिली होती. त्यांनी थडग्याकडे एकदा पाहिलं, तुळसाबाईंकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्या मठाला ऐकू जाईल असं बोलले.

"फाटकाच्या किल्ल्या तीन. एक फादर सुमंतकडे, एक माह्याकडे, अन् एक हिच्याकडे. कुलूप तं फुटलं नाही. आता तुम्हीच बोला."

 तुळसाबाईंच्या हातातून खराटा खाली पडला.

फादर लॉरेन्स व्हरांड्यात येऊन उभे होते. किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "साक्षीदारावर चोरीचा आळ असेल, तर त्याची साक्ष मला पेटीत घालता येणार नाही. उद्या दुपारी चारला पेटी बंद होईल. तोपर्यंत आळ दूर झाला तर ठीक."

२

मला राग आला. सरळच सांगते, फार राग आला.

कारण तुळसाबाईंची साक्ष म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा कणा होता. बाकीचे साक्षीदार 'आमचे आजोबा सांगायचे' म्हणणारे. डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई जिवंत होती. त्यांच्या आईला कुष्ठरोग झाला, गावानं तिला शिवेबाहेर झोपडीत टाकलं, तेव्हा तुळसा आठ वर्षांची होती. फादर एलिशा सहा वर्षं त्या झोपडीत जात राहिले. जखमा धुवायचे, आणि त्याच बाईनं थापलेली भाकर तिच्याच हातून घेऊन खायचे. ही साक्ष एकेचाळीस पानं होती. ती मी लिहिली होती, आणि लिहिताना दोनदा उठून नळावर तोंड धुऊन आले होते. कोर्टात असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी फादर लॉरेन्सना म्हटलं.

"तुम्हाला? तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. पण पोलिसांनी केलेले घोळ मी फार वर्षं टाइप केलेत."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

वामनरावांनी माझं काम सोपं केलं. त्यांना लगेच पोलिसांत तक्रार द्यायची होती आणि ती मीच टाइप करावी असा त्यांचा हुकूम होता. मी संगणकासमोर बसले. ते खोलीभर फेऱ्या मारत सांगायला लागले.

"लिहा मॅडम. चोरीले गेलेल्या वस्तू. फादरचं प्रभावळीचं चित्र, एक. समई, चांदीची. पाळणे, त्रेसष्ट. चांदीचे डोळे, हात, पाय. नारळ. फुलाच्या कुंड्या, दोन."

"समईचं वजन?"

"सव्वा किलो. पण वजनाचं जाऊ द्या, भावना पाहा ना तुम्ही."

"सोमवारचा मराठी कागद मिळाला ना तुम्हाला?"

"कोणता? हां, तो. मिळाला असन. दुकानात पडला आहे कुठं तरी. वाचाले टाइम कुठं भेटते?"

तेवढ्यात फादर सुमंत आत आले. साठीचे, तपकिरी झग्यातले, नेहमी हसरे. आज त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. "तक्रार नको," ते म्हणाले. "निदान उद्यापर्यंत नको, वामनराव."

"काहून नको? चोराले पाठीशी घालता काय?"

"पोलीस आले तर पंचनाम्यात पहिली ओळ काय येईल? थडग्यावर समई होती, प्रभावळीचं चित्र होतं. फादर लॉरेन्स ते वाचतील. मग उरलं काय?"

म्हणजे मठाधिपतींना ती समई तिथं नकोच होती. ते बोलून गेले आणि माझ्या नजरेला नजर न देता निघून गेले. त्यांच्याजवळही किल्ली होती.

मी कडुनिंबाखाली परत गेले आणि माझ्या वहीत दोन रकाने पाडले. एकात काय नेलं, दुसऱ्यात काय ठेवलं. पहिला रकाना तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्यात असं होतं: दानपेटी, कुलूप शाबूत, हलवली तर खुळखुळ वाजणारी. पाणी भरायचा तांब्याचा नवा गुंड. पितळी घंटा. पाण्याची मोटर.

सव्वा किलो चांदी नेणारा चोर दानपेटी सोडतो, हे एकवेळ समजू. पण मातीनं भरलेल्या, एका माणसाला जेमतेम उचलता याव्यात अशा झेंडूच्या कुंड्या कोण नेतो?

मग मी वर पाहिलं. फांद्यांवर धाग्याचा एक तुकडा नव्हता. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसानं आवळलेल्या त्रेसष्ट गाठी. कापल्या असत्या तर फांदीला लाल शेपट्या उरल्या असत्या. चोरानं प्रत्येक गाठ सोडवली होती. नखांनी, एकेक करून.

३

मठातले ब्रदर गौरांग दहा वाजता मळ्यातून आले. हे मूळचे ओडिशाचे. बाग, मळा आणि पहाटेची घंटा त्यांच्याकडे. मराठी ते तुळसाबाईंच्या हाताखाली शिकले आहेत, त्यामुळे तोंड उघडलं की ओडिया चेहऱ्यातून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडते. त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते.

"हे काय?" मी विचारलं.

"बोगनवेल छाटली न काल. काटे पाहा तिचे." मग थडगं पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे बाप्पा! माह्या कुंड्या कुठं गेल्या?"

कुंड्यांसाठी एवढं हळहळणारा माणूस स्वतः कुंड्या पळवणार नाही, असं मला वाटलं. पण कोर्टात मी याहून चांगलं रडलेले पाहिले आहेत. म्हणून मी नेटानं विचारलं, "पहाटे घंटा वाजवायला उठलात तेव्हा काही दिसलं?"

ब्रदर जमिनीकडे पाहत राहिले.

"बोला ना."

"मोठं मौन होतं, ताई."

हे मला नंतर नीट समजावून घ्यावं लागलं. या मठात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेपासून सकाळच्या पहिल्या प्रार्थनेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. याला ते मोठं मौन म्हणतात. आग लागली किंवा कोणी मरायला टेकलं, तरच तोंड उघडायचं.

"मौनात काय पाहिलंत, ते आता सांगा. आता दहा वाजलेत."

"साडेचारले सामानाचा ऑटो आला. फाटक किल्लीनं उघडलं, आवाज आला न मले. वाटलं समितीचा कोणी असन, उद्याची तयारी करून राहिला. मंग खिडकीतून पाहिलं तं निंबाखाली शाल पांघरलेला एक माणूस. तोंड नाही दिसलं."

"काय करत होता?"

"रडून राहिला होता," ब्रदर म्हणाले. "पाळण्याले हात लावे अन् रडे. मले वाटलं नवस बांधाले आला गरीब. रडणाऱ्याले मौन तोडून कशाले टोकाचं? म्हून मी घंटा वाजवाले गेलो, अन् तिकडूनच मळ्यात. इकडं तुळसाबाईवर आळ आला, हे मले आता कळून राहिलं."

रडणारा चोर. मी एकतीस वर्षांत पकडल्यावर रडणारे पुष्कळ पाहिले होते. चोरी करताना रडणारा हा पहिलाच.

तुळसाबाईंना ऑटो चालवता येत नाही आणि भाड्यानं आणायला त्यांच्यापाशी कोणी नाही. माझ्या मनानं त्या सुटल्या. पण फादर लॉरेन्स मनाला विचारणार नव्हते, पुरावा मागणार होते. फादर सुमंतांना ऑटोची गरज नव्हती, त्यांना मठाच्याच कोठारात सगळं ठेवता आलं असतं. पण एखाद्याला सांगून करवून घेतलं असेल तर?

मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. "फादर, तुम्ही केलंत का?"

"नाही," ते म्हणाले. "पण सकाळी थडगं रिकामं पाहिलं तेव्हा एक क्षण बरं वाटलं. त्या क्षणाची मला लाज वाटते आहे. मी वर्षानुवर्षं बायांना सांगतोय, इथं बांधू नका. ऐकत नाहीत. समई तर वामनरावांनी मी गावी गेलो असताना बसवली. काढा म्हणायला मी कचरलो."

मी त्यांच्या उत्तरानं दचकले. म्हणजे ते खरं बोलत होते.

बाहेर येऊन मी पुन्हा वही उघडली. नेलेल्या वस्तूंचा रकाना परत वाचला. चित्र, समई, नवसाच्या वस्तू. मठाला परवानगी नसलेली प्रत्येक गोष्ट गेली होती आणि परवानगी असलेली प्रत्येक गोष्ट जागेवर होती. चोर फादर एलिशांचा वैरी नव्हताच. त्यानं नियम वाचून, नियमाबरहुकूम चोरी केली होती.

आणि तो नियम सोप्या मराठीत लिहिणारी बाई नागपुरात एकच होती. ती मी.

४

दुपारी मी फादर लॉरेन्सकडून मूळ इंग्रजी नियम मागून घेतला आणि माझ्या संगणकातला मराठी कागद शेजारी उघडला. दोन ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. चूक माझीच होती, आणि त्या चुकीनंच चोर पकडून दिला होता.

चार वाजता मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. फादर लॉरेन्स, फादर सुमंत, ब्रदर गौरांग, वामनराव. तुळसाबाई दाराशी जमिनीवर बसायला लागल्या, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली. वामनरावांनी नाक मुरडलं.

"चोराला पैसा नको होता," मी सुरुवात केली. "दानपेटी तशीच आहे. त्यानं पाळण्यांचे धागे कापले नाहीत, सोडवले. त्याला तासभर तरी लागला असेल. आपल्याकडे नवसाचा धागा कापत नाहीत, कापला तर नवस तुटतो. म्हणजे चोर नवस मानणारा. तो ऑटो घेऊन आला, किल्लीनं आत शिरला आणि रडला. ब्रदरांनी ऐकलंय."

"मंग? हिनं कोणाले तरी संग आणलं असन," वामनराव म्हणाले.

"असेल. आता कुंड्यांचं बघू. फादर लॉरेन्स, रोमच्या नियमात फुलांच्या कुंड्यांना बंदी आहे?"

"मुळीच नाही," ते म्हणाले. "फुलं कोणाच्याही थडग्यावर ठेवतात. नियमात तीनच गोष्टी आहेत. प्रभावळीची चित्रं, दिवे आणि नवसाच्या वस्तू."

"बरोबर. पण मी कोर्टातली. तिथं 'वगैरे' म्हटलं की वकील भांडतात. म्हणून मराठी करताना मी नवसाच्या वस्तू उलगडून लिहिल्या आणि शहाणपणा करून एक वस्तू पदरची घातली." मी कागद वाचला. "प्रभावळीची चित्रे. दिवे, समया. पाळणे. चांदीचे डोळे, हात, पाय. नारळ. फुलांच्या कुंड्या."

मी कागद टेबलावर ठेवला.

"कुंड्यांना बंदी आहे असं जगात फक्त या एका कागदावर लिहिलंय. ज्यानं कुंड्या नेल्या त्यानं हा कागद वाचला होता. छापील प्रत एकच होती. फादर सुमंत, ती कुठे गेली?"

"मी पाकिटात घालून समितीला पाठवली," फादर सुमंत हळूच म्हणाले. "वामनरावांना."

"मी वाचलाच नाही तो!" वामनराव उठून उभे राहिले. "सकाळीच सांगितलं तुम्हाले!"

"सांगितलंत. आणि त्याच्या आधी मला तक्रार सांगितलीत. ती मी बोललात तशीच टाइप केली आहे." मी दुसरा कागद पुढे सरकवला. "माणूस चोरीची यादी सांगतो तेव्हा सगळ्यात महागाची वस्तू आधी सांगतो. मी हजारो तक्रारी लिहिल्यात. तुम्ही तर व्यापारी, आणि सव्वा किलोची समई तुमचीच. पण तुम्ही चित्रापासून सुरुवात केलीत. मग समई, मग पाळणे, मग डोळे, हात, पाय, मग नारळ, शेवटी कुंड्या. माझ्या कागदाचा क्रम, एक वस्तू इकडची तिकडे नाही. वामनराव, हात आणि पाय थडग्यावर कधी नव्हतेच. डोळेच होते. हात-पाय फक्त माझ्या कागदात आहेत."

वामनराव खाली बसले. 

"मंगळवारी वाचला," ते शेवटी म्हणाले. "झोप नाही आली मले. माही समई पाहून फादरचं संतपण अडलं असतं तं? ज्यानं मले पोरगं दिलं त्याच्याच आड मी आलो असतो. म्हून सारं उचललं, अन् दिवसा उचललं असतं तं बाया तुटून पडल्या असत्या, म्हून पहाटे. माह्या पोराचाही पाळणा होता त्यात, मॅडम. सारे धागे नखानं सोडले. सारे पाळणे गोदामात दोरीले टांगून ठेवले आहेत. एक फुटला नाही."

"आणि तुळसाबाईंचं नाव?"

"कोणी विचारलं असतं तं कोणाचं तरी नाव सांगा लागलं असतं न, अन् माह्यावर संशय येऊ नये म्हून तक्रारीचा आव आणला. मले वाटलं, तिचं काय जाते?"

मी टेबलावर हात आपटला. वयाला शोभत नाही, पण आपटला. "समई उचललीत ती फादरांसाठी, हे मानते मी. पण या बाईचं नाव घेतलंत ते निव्वळ स्वतःसाठी. तिचं काय जातं? उद्या चार वाजता तिची एकेचाळीस पानं कचऱ्यात गेली असती. तुमचा संत त्या पानांवर उभा आहे!"

वामनरावांना रडू फुटलं. यावेळी मला त्यांची दया आली नाही. नंतर थोडी आली.

फादर सुमंतांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. आळ गेला, पण आता समई, चित्र, पाळणे सगळंच न्यायाधीशांसमोर उघड झालं होतं. तुळसाबाई सुटल्या आणि फादर एलिशा अडकले, असंच दिसत होतं.

फादर लॉरेन्सनी चष्मा काढून पुसला. "तुळसाबाई," ते म्हणाले, "ते पाळणे बांधायला बायांना कोणी सांगितलं? मठानं?"

"मठानं?" तुळसाबाईंना पहिल्यांदा हसू आलं. "फादर सुमंत तं रोज वरडत, नका बांधू वं, नका बांधू. ब्रदर शिडी लपवून ठेवे. बाया ऐकतीन तं न! एकीनं तं फादर प्रार्थनेले गेले तवा बांधला अन् पळाली."

"प्रेमिलाताई, हे शब्द न् शब्द लिहून घ्या," फादर लॉरेन्स म्हणाले. मग ते वामनरावांकडे वळले. "रोम दोन गोष्टी विचारतं. मठानं पूजा मांडली का? आणि कोणी न सांगता लोकांना हा माणूस पवित्र वाटतो का? पहिल्याचं उत्तर नाही असावं लागतं, दुसऱ्याचं हो. चित्र आणि समई तिथं नको होती, त्याची समज मी मठाला लेखी देईन. पण त्रेसष्ट पाळणे? मी तीन महिने त्या दुसऱ्या उत्तराचा पुरावा शोधतो आहे, आणि तुम्ही तो ऑटोत घालून महालात नेलात!"

"मंग आता?" वामनरावांनी डोळे पुसले.

"आता परत आणा. थडग्यावर नाही, एका वेगळ्या खोलीत मांडा. आणि बांधणाऱ्या बायांना बोलवा. उद्या चारच्या आत."

५

गुरुवारी सकाळी नऊला सामानाचा ऑटो भर उजेडात फाटकातून आत आला. वामनराव स्वतः मागे पाळण्यांजवळ बसले होते आणि एकेक पाळणा दोन्ही हातांनी उतरवत होते. रात्रभर त्यांनी फोन केले होते. दहापर्यंत बाया यायला लागल्या. महालातून, कळमेश्वरच्या कारखान्यांमधून, कुठल्या कुठल्या खेड्यांतून. कोणी सुनेला घेऊन, कोणी बारावीतल्या मुलाचं मनगट धरून. त्या खोलीत शिरायच्या, त्रेसष्टांतून आपला पाळणा बरोबर ओळखायच्या आणि फादर लॉरेन्ससमोर बसून सांगायच्या. 'कोणी सांगितलं होतं का?' या प्रश्नाला प्रत्येकीचं उत्तर ठसक्यात: 'मले कोण सांगन?' तीन वाजेपर्यंत त्रेचाळीस जणी झाल्या. माझी बोटं सुजली होती, आणि मी खूश होते.

त्या सगळ्यांच्या समोर, अंगणात, वामनरावांनी तुळसाबाईंपुढे हात जोडले. "चोर मी होतो," ते मोठ्यानं म्हणाले. "नाव मी हिचं घेतलं. माफ कर वं बाई."

तुळसाबाईंनी त्यांना जरा ताटकळत ठेवलं. तो त्यांचा हक्कच होता. मग म्हणाल्या, "हात कायले जोडता? कुंड्या उतरवा आधी. झेंडू सुकून राहिला."

अंगण हसलं. वामनरावांनी कुंडी खांद्यावर घेतली आणि पांढऱ्या सदऱ्याला माती लागू दिली.

चारला बैठक भरली. टेबलावर पेटी, लाल फीत, लाख, मेणबत्ती. फादर लॉरेन्सनी वाचून दाखवलं, की साक्षीदार तुळसाबाई नेवारे यांच्यावरचा आळ खोटा ठरला आहे आणि त्यांची साक्ष या चौकशीतली प्रमुख साक्ष म्हणून दाखल होत आहे. तुळसाबाई आत आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. ते उठले म्हणून बाकी सगळे उठले. बाईंना कळेना कोणासाठी उठले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

नियमाप्रमाणे मी एकेचाळीस पानं त्यांना वाचून दाखवली. वाचून संपल्यावर फादर लॉरेन्सनी विचारलं, "काही दुरुस्ती आहे का?"

"आहे न," तुळसाबाई म्हणाल्या. "ते ताई वाचून राहिल्या, 'एक कुष्ठरोगी स्त्री, एक कुष्ठरोगी स्त्री'. ती कोण?"

मी पानावरच नजर ठेवली. बोललं तसं लिहिणारी म्हणून मला आणलं होतं. त्या 'माही माय' म्हणाल्या होत्या, आणि मी नमुन्यात दिलं होतं तसं लिहिलं होतं. सतरा वेळा.

"आजाऱ्यांची नावं लिहीत नाहीत," फादर लॉरेन्स अवघडून म्हणाले. "घरच्यांना कमीपणा नको म्हणून."

"मले कायचा कमीपणा?" तुळसाबाईंचा आवाज चढला. "अख्खं गाव तिचं नाव विसरलं होतं. महारोगीण म्हणत, नाही तं 'ए' म्हणत. फादर आला तं झोपडीच्या दारात उभा राहून विचारे, 'सगुणाबाई, येऊ काय?' सहा वरस. रोज नाव घेऊन विचारे, अन् ती हो म्हणे तवाच आत येई. तुमी मले विचारलं न, तो संत कसा? असा. अन् तेच नाव तुमी लिहिलं नाही."

फादर लॉरेन्सनी पेटीवरचं झाकण बाजूला ठेवलं, स्वतःच्या खिशातलं पेन काढलं आणि माझ्यापुढची पानं आपल्याकडे ओढली. सतराही ठिकाणी त्यांनी रेघ मारली. सतराही ठिकाणी स्वच्छ अक्षरात लिहिलं: सगुणाबाई लक्ष्मण नेवारे. प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही केली आणि मग पानं तुळसाबाईंकडे सरकवली.

"काय लिहिलं, वाचा वं ताई," त्या मला म्हणाल्या.

मी वाचलं. सतरा वेळा, मोठ्यानं. अंगणातल्या बाया खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तुळसाबाईंनी शाईच्या गादीवर अंगठा टेकवला आणि प्रत्येक नावाशेजारी उमटवला. घाई केली नाही. सतरावा उमटवून झाल्यावर अंगठा पदराला पुसला.

"लावा आता लाख," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या माह्या मायले रोमले."